अबोलीचा घास

"शिंगराला आयोडीन कमी पडत आहे. कृपया मात्रा वाढवा."

सकाळी सकाळी माथेरानच्या झाडून सगळ्या घोडेवाल्यांचे फोन एकदमच बोलले. कुणी खरारा करत होतं, कुणी खोगीर कसत होतं, हिराबाई आखाडे दूध उतू जाऊ नये म्हणून पातेल्याशी उभ्या होत्या. सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न आला, "अबोलीचं का?" अबोलीचंच होतं. हिराबाईंचं दूध उतू गेलं ते गेलंच.

अबोली म्हणजे धाकू ढेब्यांची घोडी. रंगानं तांबूस, स्वभावानं गरीब, आणि सध्या नऊ महिन्यांची गाभण. तिच्या पोटाला चार बोटं रुंदीचा गर्भपट्टा बांधलेला होता. हा पट्टा पोटात आवाजाच्या लहरी सोडायचा आणि परत येणाऱ्या लहरींवरून शिंगराचं चित्र उभं करायचा. त्याचे ठोके मोजायचा, त्याच्या गळ्यातली थायरॉईडची ग्रंथी केवढी आहे ते मापायचा, आणि कुणी विचारो न विचारो, निदान करून मोकळा व्हायचा. ते निदान एकट्या मालकाला कळवून त्याचं समाधान होत नसे. अख्ख्या घोडेवाल्यांच्या संघाला कळायचं. अर्थात संघानंच तशी सोय मागून घेतली होती. मिनी ट्रेन आणि बॅटरीच्या चार रिक्षा सोडल्या तर या डोंगरावर जे काही येतं-जातं ते घोड्याच्या पाठीवरून, त्यामुळे एका घरी शिंगरू यायचं असलं तरी ते सगळ्यांचं असतं. अबोलीचं शिंगरू पोटात कूस बदलायचं आणि बाजारपेठेत त्याची बातमी व्हायची.

यंदा तर सगळ्यांचाच जीव टांगणीला लागला होता. मागच्या वर्षी अबोलीचं शिंगरू जन्मलं तेच गळ्याला लिंबाएवढी गाठ घेऊन. पुढचे पाय मुडपलेले, अंगावर नको तेवढे लांब केस, आणि दूध ओढायलाही जोर नाही. धाकूमामा त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसून राहिले होते. ते गेल्यावर त्यांनी स्वतःच्या हातानं त्याला जांभळीखाली पुरलं, आणि तेव्हापासून त्यांचं बोलणं निम्म्यावर आलं. यंदाच्या शिंगराचं काही बरंवाईट झालं, तर मामा पुन्हा तबेल्यात पाऊल टाकणार नाहीत, हे त्यांच्या सुनेला न सांगता कळलं होतं.

सुनेचं नाव मनवा. माहेर मालवणचं, कुबलांकडचं. आयोडीन म्हटल्यावर सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळायच्या, त्यालाही कारण होतं. गाईम्हशींच्या चाऱ्यात चिमूटभर लाल शेवाळ घातलं की त्यांच्या ढेकरांतला मिथेन वायू कमी होतो, हे कळल्यापासून किनाऱ्यावर शेवाळाच्या शेतीला बरकत आली होती. मनवाच्या आईच्या गटातल्या बायका खाडीच्या तोंडाशी दोर बांधून हे शेवाळ वाढवायच्या. गाईंना पुरून उरायचं त्यात गूळ घालून सुपारीएवढ्या वड्या वळायच्या. दोन वर्षांपूर्वी लग्नानंतर मनवानं त्या वड्या सासरी आणल्या आणि घोड्यांच्या अंगावर अशी चकाकी आली, की येणारे पाहुणे 'तेल लावता का?' म्हणून विचारू लागले. सागरवडी घरोघर गेली. सासरी आपल्या माहेरच्या वस्तूचं कौतुक झालं की कुठल्या सुनेला बरं वाटत नाही? मनवाचे पाय तर जमिनीला लागत नव्हते.

गळ्याला गाठ आली की आयोडीन कमी, हे तर शाळेतलं पोरही सांगेल. पट्टाही तेच म्हणत होता. त्यामुळे या डोंगराला आता मनवाची वडीच तारणार, याबद्दल कुणाच्याच मनात शंका नव्हती.

शंका आली ती एका बाईला. डॉक्टर नफीसा मुकादम कर्जतहून आठवड्यातून एकदा वर यायच्या. पन्नाशीच्या, बुटक्या, जिभेला धार. गर्भपट्ट्यावर त्यांचा जुना राग होता. पट्टा आल्यापासून लोक त्यांना निदान विचारत नसत, नुसती सही मागत. त्या दिवशी त्यांनी आपलं हातातलं यंत्र अबोलीच्या पोटावर फिरवलं, पडद्याकडे पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

"गाठ आहे. पट्टा खोटं बोलत नाहीये. काय खाते ही?"

"चंदीचं यंत्र मापून देतं तेवढंच," मनवा म्हणाली. "चंदी, गवत आणि रोज एक वडी. आज निरोप आला म्हणून दीड दिली."

डॉक्टरांनी वडी हातात घेऊन उलटसुलट केली. "एका वडीत चार मिलिग्रॅम आयोडीन. घोडीला दिवसाला लागतं तेवढंच, म्हणजे एकदोन मोहऱ्यांच्या वजनाचं. मग कमी पडतंय कुठे? बाकी काही खाते का?"

"काही नाही."

"मामा?"

"न्हाई वो. काय बी न्हाई," धाकूमामा म्हणाले.

दोघंही अगदी प्रामाणिकपणे बोलत होते. डॉक्टरांनी खांदे उडवले. अबोलीला रोजच्या फेरीला न्यायची वेळ झाली होती आणि त्यांनाही पुढच्या तबेल्यात जायचं होतं, म्हणून त्या मनवाबरोबर चालू लागल्या. लाल मातीच्या वाटेनं पन्नासेक पावलं गेल्यावर अबोली आपणहून थांबली. हिराबाईंचं दार आलं होतं.

"आली माझी बाय!" हिराबाई पदर खोचत बाहेर आल्या. त्यांच्या तळहातावर दोन सागरवड्या होत्या. अबोलीनं त्या हलकेच उचलल्या. "आज दोन हायेत बरं का. कमी पडतंय म्हनं लेकराला."

पुढच्या दारात पुन्हा अबोली थांबली. पुन्हा दोन वड्या. त्याच्या पुढच्या दारात एका आजोबांनी तीन दिल्या आणि कपाळाला हात लावून नमस्कार केला. डॉक्टर आता वड्या मोजत चालल्या होत्या. वळणावरच्या घरातली सून धावत आली, एक वडी तिनं अबोलीला भरवली आणि दुसरी डॉक्टरांच्याच हातात कोंबली. "तुमी बी घाला, डॉक्टरीणबाई. तुमच्या हाताला यश हाय."

डॉक्टर हातात वडी घेऊन रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या.

"मनवा, तू मला काय सांगितलंस? बाकी काही खात नाही."

"नाहीच खात."

"आणि हे काय चाललंय?"

"हा तर घास आहे!" मनवा भाबडेपणानं म्हणाली. "गाभण घोडीला दारावरून रिकाम्या तोंडी जाऊ देत नाहीत इथे. जुनी रीत आहे. पूर्वी गूळभाकरी द्यायचे, आता वडी देतात."

"किती दारं आहेत?"

मनवानं मनातल्या मनात वाट चालून पाहिली. "वीसेक."

"आणि घास पोटात जात नाही वाटतं?"

मनवानं अबोलीचं तोंड वळवलं आणि ती तबेल्याकडे परत निघाली. 

डॉक्टरांच्या बॅगेत कागदाच्या पट्ट्या होत्या. परत आल्यावर त्यांनी अबोलीच्या मुतात एक बुडवली. आयोडीन कमी असतं तर ती पांढरीच राहिली असती. ती बघता बघता काळीनिळी झाली. तबेल्याच्या उंबऱ्यावर बसून मग त्यांनी जे सांगितलं ते मनवानं कान देऊन ऐकलं.

गळ्यातली थायरॉईड ग्रंथी आयोडीन घेते आणि त्यापासून एक संप्रेरक तयार करते. त्या संप्रेरकाच्या जोरावर हाडं भरतात, स्नायू घट्ट होतात, अंगात ऊब राहते. आयोडीन नसलं तर संप्रेरक तयार होत नाही हे खरं. पण आयोडीनचा लोंढाच आला तरीही ग्रंथी काम थांबवते. दारात एकदम गर्दी झाली की दुकानदार फळी ओढून घेतो ना, तशी. मोठ्या घोडीची ग्रंथी काही दिवसांत सावरते आणि पुन्हा कामाला लागते. म्हणून अबोली धडधाकट आणि चकचकीत. पोटातल्या शिंगराच्या ग्रंथीला मात्र ही समज आलेली नसते. तिनं फळी एकदा ओढली की ओढलीच. त्यात गर्भाला पोसणारी वार शिंगराकडे आयोडीन अगदी सढळ हातानं पोचवते, पुढे दूधही तेच करतं. रक्तात संप्रेरक नाही म्हटल्यावर मेंदू ग्रंथीला सारखा हुकूम सोडतो, वाढ, आणखी वाढ. ती बिचारी फुगत जाते.

"म्हणजे कमी झालं तरी गाठ आणि जास्त झालं तरी गाठ?" मनवानं विचारलं.

"दिसायला एकच. पट्ट्याला ज्यांनी शिकवलं त्यांनी कमतरतेच्या मुलखातल्या घोड्या दाखवल्या. वीस घरचा पाहुणचार झोडणारी घोडी त्यानं कुठे बघितली होती? गाठ दिसली, की तो म्हणतो वाढवा. तुम्ही वाढवता. गाठ वाढते. की तो पुन्हा म्हणतो वाढवा."

"आणि मागच्या वर्षीचं?"

डॉक्टरांनी पहिल्यांदाच तिखट काही बोलायचं टाळलं. "बहुतेक तेच," एवढंच म्हणाल्या. "पण हे अजून पोटात आहे. आजपासून सगळं बंद केलं, तर ग्रंथीला सावरायला वेळ आहे. खात्री नाही देत. आशा आहे."

दुपारी मनवानं आईला फोन लावला. सुहासिनी कुबल ओल्या हातानंच फोनवर आल्या आणि लेकीचं बोलणं पुरतं ऐकायच्या आधीच भडकल्या.

"माझ्या शेवाळाक विख म्हणतंस? माझ्या पोटची पोर असान असा बोलतंस?"

"विष नाही गं आई. गाईंना चालतंय, त्यांना यंत्र मापून देतं. पण इथे अति झालं."

"अति कोणी केल्यान? मी केलंय?"

"मी केलं. मी घरोघर वाटल्या. आता मीच सगळ्यांना सांगणार आहे, आई. तुझ्या गटाचं नाव निघेल, तेही मला माहीत आहे."

 पलीकडून फोन बंद झाला. मनवा रडली, तोंड धुतलं आणि संघाच्या पत्र्याच्या शेडकडे चालू लागली. माहेर दुखावणार हे ठरलंच होतं. सासर तरी राहतंय का, ते बघायचं बाकी होतं.

शेडमध्ये तिनं काही आडपडदा ठेवला नाही. पट्टा का चुकला ते सांगितलं, दुकानाच्या फळीचं उदाहरण सांगितलं, आणि शेवटी म्हणाली, "वड्या मी आणल्या. चूक माझी आहे."

 हिराबाईंनी तोंडावर पदर घेतला होता. "म्हंजी... मागल्या साली आमीच मारलं व्हय गं त्याला? ह्या हातानं?"

 मागून धाकूमामा उठले. एवढ्या लोकांत ते वर्षभरात बोलले नव्हते.

"वडी हिच्या माहेरची. घास तुमचा. आन् दावं माझ्या हातात हुतं," ते म्हणाले. "कुनी वाईट चितून दिलं का? न्हाई ना? मग ह्या पोरीवर एकटीवर ढकलू नगा. वाटून घिऊ सगळी." आणि खाली बसले.

मनवाला त्या क्षणी सासऱ्यांच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं. तिनं नाकावरून हात फिरवला आणि पुढचं सांगितलं. रीत मोडायची नव्हती. अबोली दारात थांबणारच, तिला रिकाम्या तोंडी कुणी पाठवणार नाही. फक्त घास द्यायचा तो हिरव्या हरळीचा, चार काड्या, बाकी काही नाही.

"इतकंच?" एक आजोबा हिरमुसून म्हणाले. "चार काड्या कशा द्याव्या मानसानं?"

"तीच परीक्षा आहे, आजोबा."

परीक्षा खरंच होती, कारण पट्टा काही गप्प बसायला तयार नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सगळे फोन बोलले. तिसऱ्या दिवशी त्यानं 'कृपया' गाळलं. चौथ्या दिवशी 'शिंगराच्या जिवाला धोका' असं लाल अक्षरांत आलं आणि हिराबाईंचे हात वड्यांच्या डब्याकडे वळू लागले. पट्टा बनवणाऱ्या कंपनीला डॉक्टरांनी फोन केला, तर तिथून एका गोड आवाजानं तक्रार नोंदवून घेतली आणि पुढच्या वर्षी सुधारणा होईल असं सांगितलं. शिंगरू काही पुढच्या वर्षापर्यंत थांबणार नव्हतं.

पट्टा काढायचा, तर शिंगराचे ठोके दिसणं बंद होणार. रात्री-अपरात्री काही झालं तर कळणारही नाही. ठेवायचा, तर रोज सकाळी तो वीस घरांना घाबरवणार. मनवानं दोन दिवस विचार केला आणि अबोलीच्या पोटाखाली हात घालून बकल काढून टाकलं. पट्टा तिनं खुंटीला टांगला. डॉक्टर दर आठवड्याला यंत्र फिरवायच्या, तेवढंच आता दिसणार होतं. पहिल्या आठवड्यात गाठ तेवढीच होती. दुसऱ्याही आठवड्यात तेवढीच. तिसऱ्या आठवड्यात डॉक्टरांनी दोनदा मापलं, चष्मा पुसला, पुन्हा मापलं आणि म्हणाल्या, "किंचित उतरलीय. नाचू नका अजून."

नाचायला नाही, पण श्वास घ्यायला तेवढं पुरलं. म्हणूनच त्यानंतर दोन दिवसांनी संध्याकाळी मनवा तबेल्यात गेली ती जरा निर्धास्तपणे, आणि दारातच थांबली. धाकूमामा अबोलीच्या तोंडाशी उभे होते. मूठ मिटलेली. मनवाला पाहून त्यांनी ती पाठीमागे नेली.

"मामा, दाखवा."

त्यांनी मूठ उघडली. एक वडी होती, घामानं ओली झालेली.

"दिली न्हाई अजून," ते म्हणाले. "रोज घिऊन येतो. रोज परत नेतो. आज लई वाटलं, द्यावी." त्यांनी मूठ पुन्हा मिटली. "तुला काय सांगू पोरी. मागल्या साली ते माझ्या मांडीवर गेलं. मला सारखं वाटतं, म्या कायतरी कमी केलं. आन् आता तू म्हनतीस, काय बी देऊ नगा. हात बांधून नुसतं बगत कसं ऱ्हायचं?"

मनवानं वडी काढून घेतली नाही. ती त्यांच्या शेजारी गवताच्या पेंढीवर बसली.

"तुम्ही कमी केलं नव्हतं, मामा. कुणीच कमी केलं नव्हतं. जरा कमी केलं असतं, तर ते राहिलं असतं."

 धाकूमामांनी वडी भिंतीपलीकडे भिरकावली, खरारा उचलला आणि अबोलीची पाठ घासायला लागले. त्या दिवसापासून त्यांच्या हातांना हेच काम लागलं. अबोलीची चकाकी वड्यांशिवायही कमी झाली नाही, आणि ते श्रेय मात्र त्यांनी कुणालाही वाटून दिलं नाही.

अकरा महिने भरले आणि एका पहाटे, धुकं अजून झाडांत असताना, अबोली व्यायली. डॉक्टर आदल्या दिवशीच वर येऊन राहिल्या होत्या. शिंगरू बाहेर आलं ते ओलंचिंब, काळसर, आणि सगळ्यांनी आधी त्याच्या गळ्याकडे पाहिलं. गाठ होती. बोरापेक्षा मोठी नाही, पण होती. पुढचे पाय जरासे मुडपलेले. ते उठायला गेलं आणि नाकावर पडलं. पुन्हा उठायला गेलं, पुन्हा पडलं.

धाकूमामांनी डोळे मिटून घेतले.

"डोळे उघडा मामा, मला माणूस हवंय," डॉक्टर ओरडल्या. त्यांनी संप्रेरकाचे थेंब शिंगराच्या जिभेवर सोडले, पायांना कापसाच्या गाद्या लावून लाकडी पट्ट्या बांधल्या. धाकूमामांनी त्याला छातीखाली हात घालून उचललं आणि अबोलीच्या कासेशी नेलं. मनवानं त्याचं तोंड आचळाला लावलं. ते तसंच लोंबकळत राहिलं. मग त्याच्या जिभेनं काहीतरी केलं, आणि चुकचुक आवाज येऊ लागला.

"ओढतंय," मनवा कुजबुजली. "मामा, ओढतंय!"

"कळतंय मला," धाकूमामा म्हणाले, आणि त्यांच्या दाढीवरून पाणी ओघळत होतं. "हाताला कळतंय."

दुपारपर्यंत ते चार पायांवर उभं होतं. पाय फाकलेले, नजर चिडकी, पण उभं. बाहेर हरळीच्या जुड्या घेऊन अख्खी वस्ती जमली होती. हिराबाई सगळ्यांना आत जाण्यापासून अडवत होत्या आणि स्वतः तिसऱ्यांदा आत डोकावत होत्या.

पायांच्या पट्ट्या निघाल्या आणि शिंगरू पहिल्यांदा आईमागून वाटेवर आलं, त्याच दिवशी सकाळच्या मिनी ट्रेननं सुहासिनी कुबल आल्या. त्या फोननंतर त्या लेकीशी दोन शब्दही धड बोलल्या नव्हत्या. मनवाला एवढंच कळलं होतं की त्यांच्या गटाच्या प्रत्येक पिशवीवर आता ठळक अक्षरांत छापलेलं असतं, 'फक्त गाईम्हशींसाठी. गाभण घोडीला देऊ नये.' एरवी त्या लेकीकडे यायच्या म्हणजे सोलं, सुकट, कुळथाचं पीठ, खाजं, नारळ आणि वड्यांची गोणी, असा हमालाला रडवणारा जामानिमा असायचा. आज हातात एक रुमाल तेवढा होता.

मनवा वाटेत थबकली. आई तिच्यासमोर येऊन उभी राहिली आणि दोन्ही तळवे उघडून दाखवले.

"रिकाम्या हातान इलंय गो," त्या म्हणाल्या. "काय एक आणूक नाय. जीव तुटलो माझो, पण नाय आणलंय."

मनवाला त्या उघड्या तळव्यांवर डोकं टेकून रडायचं होतं. तिला तेवढी सवड मिळाली नाही. शिंगरू दोघींच्या मध्ये घुसलं, सुहासिनीबाईंच्या तळव्याला नाक लावून त्यानं कसून तपास केला, काही सापडलं नाही म्हणून जोरात फुरफुरलं, आणि उड्या मारत हिराबाईंच्या दाराकडे निघून गेलं.